नवऱ्याला एच. पायलोरी (जठरात राहणारा जंतू) निघालाय आणि सात वर्षांच्या मुलीचं पोट सारखं दुखतं. हे आनुवंशिक असतं का? तिची रक्ततपासणी करावी का?

रक्ततपासणी करू नका. बालरोगतज्ज्ञ म्हणून हे आधी सांगते, कारण बहुतेक पालक हातात तोच रिपोर्ट घेऊन येतात. जंतू गेल्यावरही अँटिबॉडी, म्हणजे त्याच्याशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, कित्येक महिने रक्तात राहतात, आणि मग गरज नसताना मुलांना अँटिबायोटिक सुरू होतात.

जंतू जनुकांतून येत नाही, तो घरातच लागतो. बहुतेकांना लहानपणीच: आईबाबांकडून, भावंडांकडून, उलटीतून, शौचानंतर नीट न धुतलेल्या हातांतून, कधी दूषित पाण्यातून. एका खोलीत पाचसहा जण झोपत असतील तर जास्तच. तरीही आनुवंशिकतेचा वाटा आहे. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या १९९४च्या अभ्यासात एकसारख्या (जनुकं सारखीच असलेल्या) जुळ्यांपैकी दोघांनाही संसर्ग असण्याचं प्रमाण भिन्न जुळ्यांपेक्षा जास्त निघालं, आणि त्यांत वेगवेगळ्या घरांत वाढलेली जुळीही होती. म्हणजे जंतू पोटात टिकतो की नाही, यात शरीराची घडण येतेच. सूज किती येणार हेही काही अंशी त्यावरच ठरतं: इंटरल्युकिन-१ बीटा या जनुकाची काही रूपं असली की जठराचा दाह वाढतो. जंतूचे वाणही सारखे नसतात. कॅगए प्रथिन बनवणारे जास्त त्रासदायक.

पण तुमच्या मुलीचं दुखणं याच जंतूमुळे असेल असं धरून चालू नका. जंतू असलेल्या बहुतेक मुलांना काहीच त्रास नसतो. कुठे दुखतंय विचारलं की पुष्कळ मुलं बेंबीवर अख्खा तळवा ठेवतात. खेळताना दुखत नाही, शाळेच्या वेळेला दुखतं. ते दुखणं खरंच असतं, खोटं नव्हे, पण त्यासाठी एच. पायलोरी शोधत बसायचं नसतं.

दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, वजन वाढत नसेल, वारंवार उलट्या, डांबरासारखी काळी शी होत असेल, किंवा लोहाचं औषध नीट देऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर मात्र मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. गरज वाटली तर ते दुर्बिणीने तपासून जठराचा छोटा तुकडा घेतात. जंतू सापडला आणि उपचार ठरले तर औषधं साधारण १४ दिवस, एकही डोस न चुकवता. जंतू गेला का, हे औषधं संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीने पाहतात.

तिच्या आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तेव्हा लक्षणं नसली तरी तपासणीचा विचार करतात.