वाचकांचे प्रश्न : संशोधनातलं मला काय कळतं?

प्रश्न : आमच्या दूध संकलन केंद्रावर सरकारी पशुआरोग्य संशोधनाबद्दल प्रश्नावली भरून घेत आहेत. माझ्याकडे चारच गायी. मी काय सांगणार? भरू की नको?
– एक वाचक, संगमनेर तालुका

उत्तर : ताई, नक्की भरा. लस कशी बनते हे तुम्हाला कुणी विचारत नाही. ती तुमच्या दावणीपर्यंत आली का, हे मात्र तुम्हीच सांगू शकता.

२०२२ची लम्पीची साथ आठवा. ऑगस्टमध्ये हिसार आणि इज्जतनगरच्या सरकारी संशोधन संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी खास लम्पीवरची लस जाहीर केली. आपल्याकडे गायींना टोचली ती शेळ्यांच्या देवीची. हे अंतर शोधनिबंध मोजून दिसत नाही. पशुवैद्यक म्हणून नोकरीत असताना अशा भरलेल्या प्रश्नावल्या मी पाहिल्यात. बहुतेक जण ‘समाधानकारक’वर खूण करून मोकळे होतात. त्याचा मला मनापासून राग येतो.

तुम्ही सूचनांची रिकामी जागा भरा. लाळ्या-खुरकुताची लस सहा महिन्यांनी वेळेवर आली का? टोचल्यावर दूध किती घटलं, पुन्हा कधी चढलं? चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची, म्हणजे गाय गाभडवणाऱ्या रोगावरची, लस मिळाली का? गाय गाभडली, नमुना दिला, तर अहवाल आला का, की दुसरं वेत आलं तरी वाटच पाहताय? तारखा आठवत नसतील तर दूध डेअरीचं पुस्तक काढा, घटलेलं दूध त्यात दिसेल.

आणि हो, धारा तुम्ही काढता ना? मग उत्तरंही तुम्हीच द्या. गाय रवंथ करेनाशी झाली, हे पहिल्यांदा तुम्हालाच दिसतं.