चीनमधल्या मोठ्या शहरात चिनी भाषा येत नसताना एकटीने फिरता येईल का?

येईल की. ऑक्टोबरात जायचा बेत सांगताना तुम्ही सुरक्षितता आणि भाषा या दोन काळज्या लिहिल्या आहेत. मला या दोन्हींचा फारसा त्रास झाला नाही. त्रास झाला तो मजल्यांचा.

मी मागच्या नोव्हेंबरात सहा दिवस एकटीच चोंगछिंगला होते. यांगत्झे आणि चिआलिंग नद्यांच्या संगमावर, डोंगरउतारावर वसलेलं शहर. 'लोकसंख्या तीन कोटींच्या वर' हे वाचून दचकू नका, त्यात जवळजवळ ऑस्ट्रियाएवढा मुलूख खेड्यापाड्यांसकट मोजलाय.

पहिल्याच रात्री मोबाइलच्या नकाशावर मी आणि माझं हॉटेल एकाच ठिपक्यावर. प्रत्यक्षात एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला उंच इमारतींची भिंत, हॉटेलचा पत्ता नाही. बॅग ओढत तोच रस्ता तीनदा पालथा घातला. शेवटी एका नूडल्सवाल्या मावशींना पत्ता दाखवला. त्यांनी एका हातातला झारा न सोडता दुसऱ्या हाताने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, वाचला आणि बोट केलं ते थेट आभाळाकडे! मग शेजारच्या इमारतीची लिफ्ट दाखवली आणि माझ्याच मोबाइलवर 12 टाइप करून दिलं. बाराव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर समोर चक्क रस्ता, बसस्टॉप, झाडं आणि पलीकडे माझं हॉटेल.

तिथे हे रोजचंच आहे. होंगयादोंग नावाची दिव्यांनी लखलखणारी अकरा मजली वास्तू फोटोत पाहिली असेल. तिचा तळमजला नदीकाठच्या रस्त्यावर उघडतो आणि गच्ची वरच्या रस्त्यावर. लीझिबा स्टेशनला मोनोरेल राहत्या इमारतीच्या पोटातून जाते. खाली बघे माना वर करून उभे असतात, वरचे प्रवासी मोबाइलमध्ये डोकं घालून. एका चढावर तर 112 मीटर लांबीचा सरकता जिना आहे, तिकीट काढून चढायचा. यांगत्झेवरचा रोपवे 1987चा, मुळात लोकांनी रोज नदी ओलांडावी म्हणून बांधलेला. आता रांग पर्यटकांचीच असते, तरी एकदा बसाच.

म्हणून हॉटेल ठरवताना मेट्रोचं कुठलं एक्झिट आणि कितव्या मजल्यावरून प्रवेश, हे आधी विचारून घ्या. आणि चाकाची बॅग नको, सॅक न्या. नकाशावरचे तीनशे मीटर म्हणजे कधीकधी दोनशे पायऱ्या निघतात.

भाषेचं काम भाषांतराचं ॲप करतं, त्यामुळे सगळा जीव मोबाइलच्या बॅटरीत. पैसेही त्यातूनच. अलीपे या तिथल्या पेमेंट ॲपला आपलं कार्ड निघण्याआधी घरीच जोडा, ओटीपी आपल्या सिमवर येतो. हॉटेलच्या वायफायवर गूगल, व्हॉट्सॲप चालत नाही. माझं रोमिंगवर चाललं. पॉवरबँक लागेलच, पण देशांतर्गत विमानाने जाणार असाल तर तिच्यावर चीनचा '3सी' हा सुरक्षा-प्रमाणपत्राचा शिक्का हवा. माझी तपासणीतच राहिली.

खाण्याचं मात्र जपून. तिथल्या लालभडक हॉटपॉटचा रस्सा गाईबैलांच्या चरबीत करतात, त्यामुळे 'फक्त भाज्या घालते' म्हणून भागत नाही. साध्या नूडल्समध्येही डुकराची चरबी असू शकते. खात नसाल तर तसं चिनीत लिहून जवळ ठेवा. मी टोमॅटो-अंडं, बटाट्याचा आंबट-तिखट कीस आणि भात यांवर निभावलं. जिभेला मुंग्या आणणारी त्यांची मिरी म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाची चुलत बहीण. मालवणची असल्याने मला पहिल्या घासालाच ओळख पटली. पण हॉटपॉट हा घोळक्याने खायचा प्रकार. एकटीसाठी टेबल मागितलं की वेटर तुमच्या मागे कुणी येतंय का ते बघतो.

रात्री दहा-साडेदहाला एकटी पायऱ्या चढून आले, कुणी वळूनही पाहिलं नाही. फोटो काढू का, असं मात्र दोनदा विचारलं गेलं.

जाता जाता एक. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्यात होते ते जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलेलं भारतीय वैद्यकीय पथक कम्युनिस्टांच्या तळावर, येनानला, जाण्याआधी याच शहरात थांबलं होतं. तेव्हा ही युद्धकाळातली राजधानी होती आणि वरून जपानी बॉम्ब पडत. त्या काळी डोंगरात खोदलेल्या काही भुयारांत आज हॉटपॉटची दुकानं आहेत. त्यातल्या एकात मी फक्त चहा प्यायले.

ऑक्टोबरात जायचं म्हणताय, तर पहिला आठवडा सोडा. 1 ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाला जोडून सुट्ट्या असतात आणि होंगयादोंगसमोरचा पूल गर्दीमुळे वाहनांना बंद करावा लागतो. मधल्या पंधरवड्याचं तिकीट बघा. आणि भारतीयांना व्हिसा आधी काढावाच लागतो, व्हिसाविना काही दिवस वाटेत थांबायची (ट्रान्झिट) सवलत असलेल्या देशांच्या यादीत आपण नाही.