होस्टेलवरून काउन्सेलिंग: ऑनलाइन की समोरासमोर?

सेकंड इयर, दोन केट्या, पंधरा दिवस धड झोप नाही. कॉलेजच्या काउन्सेलरची खोली नेमकी ऑफिससमोर, म्हणून ऑनलाइन बरं का, आणि घरी कळेल का, असं तू विचारलंयस. वयाने बराच मोठा आहे, म्हणून अरे-तुरे करतोय.

कोणी बघेल या भीतीने मीही ऑनलाइनच सुरुवात केली होती. पण खोलीत आम्ही तिघं. पहिला कॉल गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे बसून केला. मध्येच एकजण कपडे वाळत घालायला आला, आणि मी एकदम, "हो हो, असाइनमेंट उद्या देतो!" काउन्सेलर बाई हुशार. म्हणाल्या, "कोणी आलंय का?" तेव्हापासून ठरलंच, मी 'असाइनमेंट' म्हटलं की त्या थांबायच्या. म्हणजे ऑनलाइनला आधी जागा शोध. अगदीच नसेल तर चॅट.

चार सेशननंतर मी स्वतःहून समोर जाऊन बसलो. स्क्रीनवर त्यांना माझा चेहराच दिसायचा. टेबलाखाली मी नखं कुरतडत बसतो हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि खरं बोलणं तिथून सुरू झालं.

घरचं म्हणशील, तर अठरा पूर्ण असतील तर पालकांची परवानगी लागत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांतली गोपनीयता हा हक्कच आहे; अपवाद मुख्यतः जिवाला धोका असेल तेव्हाचा. तरी कॉलेजच्या काउन्सेलरला पहिल्याच भेटीत तोंडावर विचार, "नोंदी कोण बघतं?" उत्तर गुळमुळीत आलं तर बाहेरचा बघ. आणि ऑफिससमोरच्या त्या खोलीत जायची अडचण असेल तर लायब्ररीत वा कॉलेज सुटल्यावर वेळ माग. लाजू नकोस. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवाच, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलंय.

पंधरा दिवस झोप नाही म्हणतोस, तर एकदा सायकियाट्रिस्टलाही दाखव. काउन्सेलर गोळ्या लिहून देत नाहीत. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस. रूममेटला उठव, 14416 लाव. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतूनही.

शुक्रवारच्या सबमिशननंतर बघतो म्हणालायस. त्याआधीच कॉल कर. मी 'सबमिशननंतर' म्हणत अख्खं सेमिस्टर घालवलं होतं.