गणित सुटल्यावरही उरणारा प्रश्न

मार्च उजाडला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागतो. 'मॅडम, आत्ताच व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन पेन्शन सुरू करू, की अठ्ठावन्नपर्यंत थांबू?' शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेली अख्खी पिढी आपल्याकडे सरकारी नोकरीत आहे. ही मंडळी अठ्ठावन्न पूर्ण होताना ३१ मे रोजी निवृत्त होतात. त्यांच्या निरोपसमारंभांची वर्गणी फिरू लागली की ज्यांची चार-पाच वर्षं उरली आहेत त्यांच्या मनात चलबिचल सुरू होते. पुण्यात आयुक्तालयं आणि संचालनालयं भरपूर, त्यामुळे असे चेहरेही भरपूर.

गेल्या वर्षी अशाच एक बाई आल्या. त्यांना आपण नुसतं ताई म्हणू; ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. वय ५४, नोकरीला लागल्या १९९५ मध्ये. राहायला धायरीला, ऑफिस पुणे स्टेशनच्या बाजूला. पर्समधून त्यांनी दोनशे पानी वही काढली. वहीभर आकडेमोड.

"मूळ पगार साठ हजार आहे," त्या म्हणाल्या. "आत्ता सोडली तर पेन्शन तीस हजार, वर महागाई भत्ता. चार वर्षं थांबले तर चार इन्क्रिमेंट, म्हणजे पेन्शन पावणेचौतीस हजारांच्या घरात. पण आमच्या शेजारचे म्हणतात, आधी घेतली तर दर वर्षाला चार टक्के कापतात. मग मला किती मिळणार?"

हा घोटाळा नेहमीचा. शेजारी महामंडळातले होते. त्यांना लागू ईपीएफची १९९५ ची पेन्शन योजना. तिथे पन्नाशीनंतर पेन्शन घेता येते, पण अठ्ठावन्नच्या आधी घेतली तर वर्षाला चार टक्के कपात, आणि ती कायमची. साठपर्यंत थांबलं तर उलट वर्षाला चार टक्क्यांनी वाढ. ताईंना लागू होते राज्याचे १९८२ चे निवृत्तिवेतन नियम. वीस वर्षं अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन निवृत्त होता येतं आणि शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते. लवकर घेतली म्हणून वेगळी कपात नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारी नोकरीत लागलेल्यांचा हिशेब पुन्हा तिसराच. म्हणून मी सगळ्यांना आधी हेच सांगते: आपली योजना कुठली ते पाहा, शेजाऱ्याचा आकडा आपल्या वहीत घेऊ नका.

मी ताईंना एक गोष्ट मांडून दाखवली. "घरी बसलात तरी मूळ पगाराच्या निम्मं तुम्हाला मिळणारच आहे. म्हणजे आज तुम्ही बस पकडता ती उरलेल्या निम्म्यासाठी, घरभाडे भत्त्यासाठी आणि थोड्या वाढीव पेन्शनसाठी. पैशात पाहिलं तर थांबणंच फायद्याचं. फक्त तो फायदा तुमच्या चार वर्षांच्या बदल्यात हवा का, एवढंच ठरवायचं."

"हो, हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा वहीत नवी पानं होती. आता पुढच्या वेतन आयोगाचा अंदाजही धरलेला. त्याच्या पुढच्या वेळी शिल्लक अर्जित रजेच्या ३०० दिवसांचा हिशेब. उत्तर दरवेळी तेच, थांबणं फायद्याचं. आणि प्रश्नही दरवेळी तोच.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारानं काम करते. माणूस परिस्थितीपेक्षा स्वतःच धरलेल्या हट्टानं जास्त बेजार होतो, हे त्याचं म्हणणं मला रोज पटतं. त्यामुळे सुरुवातीला मला वाटलं होतं की ताईंना निर्णय चुकणार नाही याची खात्री हवी आहे. अनेकांना तीच हवी असते. पण ताईंची वही वेगळं काही सांगत होती. प्रत्येक नव्या पानावर नुकसानीचा आकडा आधीच्यापेक्षा मोठा होत होता. नुसतं ठरवायचं असतं तर तो फुगवायची गरज काय?

मग मी माझा ठेवणीतला प्रश्न विचारला.

"ताई, समजा सरकारनं सांगितलं, आज सोडा नाही तर चार वर्षांनी सोडा, तुमच्या हातात एकूण पैसे तेवढेच पडतील. एक रुपयाचाही फरक नाही. मग कधी सोडाल?"

या प्रश्नावर बहुतेक माणसं क्षणभर थांबतात. ताई थांबल्या नाहीत.

"अठ्ठावन्नला!"

आणि स्वतःच्याच उत्तरानं दचकल्या. वही मिटली, पुन्हा उघडली. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं गप्प बसणं हे मी फार कष्टानं शिकलेलं कौशल्य आहे. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "ऑफिसचा मला काहीच त्रास नाही हो. मला आवडतं तिथे."

"मग सोडायचं कुणी काढलं?"

"घरी. सासूबाई पडल्यापासून. चौऱ्याऐंशीच्या आहेत. हे म्हणतात, तुझी पेन्शन पुरते आपल्याला, आता घरी थांब. नणंदा पण तेच म्हणतात. मी नाही म्हणायला गेले की म्हणतात, पैशाचा मोह सुटत नाही."

आता वहीचा अर्थ लागला. 'मला काम करायला आवडतं' हे कारण त्या घरात चालणारं नव्हतं. नुकसान हे कारण चालत होतं. नवऱ्यानं 'तेवढ्यात भागेल की' म्हटलं की ताईंना आणखी मोठं नुकसान शोधून आणावं लागे. त्यांच्या हिशेबात चूक नव्हती; ज्या वादात तो हिशेब वापरला जात होता, तो वाद पैशाचा नव्हताच. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांचं असंच असतं. उत्तर मिळूनही माणूस तेच गणित पुन्हा मांडत असेल, तर मी आकडे बाजूला ठेवते आणि हे उत्तर घरात कुणाला द्यायचं आहे ते विचारते.

पुढची दोन-तीन सत्रं पेन्शनबद्दल नव्हतीच. 'मला नोकरी करायची आहे' हे वाक्य नुकसानीचा आधार न घेता, आवाज न चढवता म्हणण्याचा सराव आम्ही केला. एकदा त्यांचे यजमान आले. दोन वर्षांपूर्वी चिंचवडच्या खाजगी कंपनीतून निवृत्त झालेले, दिवसभर घरी असणारे. बोलता बोलता ते म्हणाले, "आईचं सगळं करीन मी, पण अंघोळ वगैरे कसं करणार?" त्यांची अडचण खरी होती आणि ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. तेवढ्या अडचणीसाठी एक नोकरी सोडली जाणार होती. ब्युरोमधून दिवसाची बाई ठेवायची, औषधं आणि दवाखाना यजमानांनी पाहायचा, असं ठरलं. बाईचा पगार ताईंच्या त्या 'उरलेल्या निम्म्या'तून.

सगळ्यांचं उत्तर थांबण्याचंच येतं असं नाही. त्याच सुमारास एका गृहस्थांना मी हाच प्रश्न विचारला, तर ते म्हणाले, "मग उद्याच." गुडघे गेलेले आणि गावाकडे जायची ओढ. पेन्शन थोडी कमी बसेल हे कळूनही त्यांनी नोटीस दिली, आणि मला तो निर्णय तितकाच योग्य वाटला. मात्र सोडणार असाल तर नोटिशीआधी सेवापुस्तक बघून घ्या. वेतनपडताळणी झाली आहे का, बिनपगारी रजेमुळे अर्हताकारी सेवा कमी धरली आहे का, नामनिर्देशन कुणाच्या नावे आहे, हे तपासा. नोटीस मागे घ्यायची विनंती करता येते, पण ती मंजूर होईलच असं नाही.

ताई अलीकडे पुन्हा आल्या. या वेळी प्रश्न होता, २०२९ मध्ये निवृत्त होताना पेन्शन विकायची का? नियमानं ४० टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा भाग एकरकमी विकणं, करता येतं. त्यांच्या अंदाजे पेन्शनवर एकरकमी साडेतेरा लाखांच्या आसपास हातात येतील, विकलेला भाग दरमहा पेन्शनमधून कमी होईल आणि पंधरा वर्षांनी पेन्शन पूर्ववत होईल. महागाई भत्ता मात्र मूळ पेन्शनवरच मिळत राहील. मी विचारलं, "हे पैसे कुणाला हवे आहेत?"

"मला," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या नावावर एक खोली घ्यायची आहे, गावी."

मग आम्ही दोघींनी मिळून वही उघडली.