गुलाबी ब्लूबेरी आणि चुलीतली राख

प्रश्न : ताई, तीन वर्षांपूर्वी अंगणात ‘पिंक लेमोनेड’ या गुलाबी ब्लूबेरीचं रोप लावलं. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. फळं मूठभरसुद्धा नाहीत. अंड्यांची टरफलं, शेकोटीची राख, सगळं घालते. काय चुकतंय?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : अहो, टरफलं आणि राखच चुकतेय! मीही हेच केलं होतं. आई नारळाच्या आळ्यात चुलीतली राख टाकायची, तीच सवय मी इथे चालवली आणि पहिलं रोप घालवून बसले. ब्लूबेरीला आंबट माती लागते, सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५. राखेनं तो वर चढतो. मग मातीत लोह असलं तरी मुळांना घेता येत नाही. म्हणून ती पिवळी पानं.

माती रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. सामू उतरवायला गंधक घालता येतं, पण त्याचा गुण यायला कित्येक महिने लागतात. मी असते तर पानं गळल्यावर रोप उचलून मोठ्या कुंडीत लावलं असतं, पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि पाइनच्या सालीचा चुरा घालून. मुळं केसांसारखी बारीक आणि वरवरची असतात, तेव्हा बुंध्याशी खुरपं चालवू नका.

शेजारी दुसऱ्या जातीचं झुडूप असलं की फळ जास्त धरतं. माझ्याकडे ‘रुबेल’ आहे, आपल्याच न्यू जर्सीतल्या रानातलं. रूब लीक नावाच्या माणसानं ते हेरलं. त्याला नाव देताना इथल्याच व्हाइट्सबॉगच्या मळेवाल्या एलिझाबेथ व्हाइट बाईंना ‘रूब’ गावंढळ वाटलं आणि ‘लीक’ला (ती कांद्याच्या जातीची भाजी) कांद्याचा वास, मग रूबला लीकचा नुसता ‘एल’ जोडला. १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक विकलं गेलं, ते याच बाईंच्या मळ्यातून.

रुबेलचं फळ बारीक, जरा आंबटच. लेकीला आवडत नाही; मला करवंदं आठवतात. गूळ आणि तिखट घालून त्याचा मेथांबा करते, थालीपिठाबरोबर झकास लागतो. गुलाबी मात्र शिजवू नका, झुडपाशी उभ्याउभ्याच खा. फिकी गुलाबी दिसली की तोडायची घाई होते, पण ती आंबट निघते. रंग गडद होऊ द्या. बोट लागताच हातात आली की समजा, पिकली.