वाचकांचे बागप्रश्न : लाल पिओनी

उत्तर अमेरिकेत आणि युरोपात थंड प्रदेशात वाढणाऱ्या, मोठ्या फुलांच्या पिओनीची मुळं लावायचा, हलवायचा काळ म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. म्हणून पिओनीबद्दल, त्यातही लाल पिओनीबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. शेवटून दुसरा प्रश्न पुण्याचा आहे, पण तिकडच्या वाचकांनी तो वगळू नये.

प्रश्न : लाल पिओनी लावून तीन वर्षं झाली. पानं हिरवीगार, ठोंब गुडघ्याच्या वर गेलाय, पण एकही कळी नाही. कोणतं खत द्यावं? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : खताला हात लावू नका. पानं जोमदार आणि कळी नाही, अशी तक्रार असली की सर्वांत आधी मूळ खोल गेलंय का ते बघायचं. पिओनीच्या गड्ड्यावर लालसर-गुलाबी कोंब असतात, तेच तिचे डोळे. न्यू जर्सीत हे डोळे मातीखाली १ ते दीड इंच असावेत, २ इंचांपेक्षा खोल मुळीच नकोत. हळद-आलं चार बोटं खाली लावायचा आपला हात इथे नडतो.

बऱ्याचदा लावताना खोली बरोबर असते आणि नंतर बिघडते. खड्डा ताजा खणून, भुसभुशीत माती भरून लगेच मूळ ठेवलं, तर पहिल्या हिवाळ्यात माती बसते आणि तिच्याबरोबर गड्डाही खाली जातो. दुसरं कारण त्याहून साधं. दर वसंतात लॉनवाला येतो आणि साऱ्या वाफ्यात तीन इंच मल्च, म्हणजे सालींच्या तुकड्यांचं आच्छादन, पसरून जातो. डोळ्यांच्या हिशोबात हा थरही खोलीच वाढवतो. आधी तो बाजूला सारा.

सप्टेंबरच्या मध्यात ठोंबाजवळची माती बोटांनी उकरून बघा. खुरपं नको, डोळे चटकन मोडतात. खोली जास्त निघाली तर गड्डा उचलून पुन्हा लावावा लागेल. १८ इंच रुंद आणि तितकाच खोल खड्डा घ्या, तळाच्या मातीत बादलीभर पूर्ण कुजलेलं कंपोस्ट मिसळा, अर्ध्याच्या वर भरून पायाने दाबा, भरपूर पाणी घाला आणि एक दिवस तसंच राहू द्या. मग खड्ड्यावर आडवी काठी ठेवून तिच्यापासून डोळ्यांपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. ताजं शेणखत मुळांना लागू देऊ नका, मुळं सडतात. न्यू जर्सीतली माती बऱ्याच ठिकाणी आम्ल असते आणि पिओनीला ६.५ ते ७ सामू (pH) मानवतो. रटगर्स विद्यापीठाची माती प्रयोगशाळा नमुना तपासून देते, चुना घालायचा तो अहवाल पाहूनच.

खोली बरोबर असेल तर सावली बघा. लावताना लहान असलेला मेपल आता वाफ्यावर आला असेल, तर सहा तास ऊन मिळणार नाही, आणि त्याहून कमी उन्हात फूल धरत नाही. तिसरा संशय लॉनच्या खतावर. त्यातलं नायट्रोजन पिओनीपर्यंत पोचलं की पानंच पानं येतात. पिओनीला ५-१०-१० सारखं (नायट्रोजन कमी, स्फुरद-पालाश जास्त) खत पुरतं : कोंब तीन-चार इंच झाले की पाव कप, ठोंबापासून सहा इंच लांब गोलाकार पसरून, आणि एवढंच पुन्हा फुलं सरल्यावर. हलवलेली पिओनी एक-दोन वर्षं रुसते, तेव्हा पुढच्या मे महिन्यात निकाल लावू नका.

प्रश्न : कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या आणि काळ्या पडून वाळल्या. दोन देठ तर मधूनच लवले. रोग आहे का? (मिसिसागा, ओंटारिओ)

उत्तर : कळी वाळायची दोन कारणं असतात आणि फरक देठावर दिसतो. देठ टणक, हिरवा आणि फक्त कळी तपकिरी, कोरडी असेल तर उशिराची गोठवणारी थंडी किंवा वसंतात पडलेला पाण्याचा ताण. त्यावर औषध नाही. मे महिन्यात पाऊस नसेल तर आठवड्याला इंचभर पाणी द्यायचं.

तुमचे देठ लवलेत, म्हणजे संशय बोट्रायटिसचा, करड्या बुरशीचा. देठ जमिनीलगत मऊ-काळा पडतो आणि दमट सकाळी त्यावर करडी लव दिसते. ही बुरशी जुन्या देठांच्या बुडख्यांत आणि गळलेल्या पानांत हिवाळा काढते, आणि वसंतात थंड, पावसाळी हवा मिळाली की नव्या कोंबांवर चढते. म्हणून हिचा बंदोबस्त मे महिन्यात होत नाही, ऑक्टोबरात होतो.

आत्ता लवलेला प्रत्येक देठ निरोगी भागापर्यंत, गरज पडली तर मातीखाली जाऊन कापा. कोरड्या हवेत कापा, प्रत्येक कापानंतर कात्री अल्कोहोलने पुसा. कापलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका, कचऱ्याच्या पिशवीत बांधून द्या. शरदात पानं मरगळली की सगळे देठ जमिनीलगत कापा आणि खाली पडलेलं पानन् पान वेचा. बुडखे दोन-तीन इंच ठेवून द्यायची सवय असेल तर ती सोडा, बुरशी तिथेच राहते. मल्च देठांपासून दूर ठेवा. स्प्रिंकलर वरून पाणी उडवत असेल तर त्याचं तोंड फिरवा. पाणी बुडाशी आणि सकाळी द्यावं. दोन ठोंबांत तीन ते चार फूट अंतर असावं. दाटीत हवा खेळत नाही.

फवारणीबद्दल : ओंटारिओत २००९ पासून घरच्या शोभेच्या बागेत बहुतेक रासायनिक कीडनाशकं-बुरशीनाशकं वापरायला बंदी आहे, त्यामुळे शेजारच्या न्यू यॉर्कमधल्या मित्राने सुचवलेली बाटली तिकडून आणू नका. वर सांगितलेली साफसफाई दोन वर्षं नेटाने केली तर बहुतेक बागांत फवारणीची वेळच येत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये पानांवर पांढरी भुरी येते तिची मात्र फार धास्ती घेऊ नका. तेव्हा फुलं होऊन गेलेली असतात. दिसायला ती वाईट, पण ठोंब त्याने सहसा मरत नाही.

प्रश्न : कळ्यांवर मुंग्याच मुंग्या आहेत. फवारू का? की मुंग्यांशिवाय फूल उमलत नाही हे खरं? (रेडिंग, इंग्लंड)

उत्तर : दोन्ही नाही. कळीच्या बाहेरच्या हिरव्या दलांवर गोड रस पाझरतो, त्यासाठी मुंग्या येतात. त्या नसल्या तरी कळी उमलते आणि असल्या तरी काही बिघडत नाही. घरात फुलं आणताना झटका.

प्रश्न : पाकिटावर ‘रेड’ आणि चित्रही लालभडक. फूल आलं ते गर्द गुलाबी, जांभळट. मातीमुळे रंग बदलतो का? खात्रीचा लाल कोणता? (फ्रीमॉंट, कॅलिफोर्निया)

उत्तर : हायड्रेंजियासारखा पिओनीचा रंग मातीने बदलत नाही. मोठ्या दुकानांतल्या पिशव्यांत नावांची अदलाबदल सर्रास होते. ‘सारा बर्नहार्ट’ ही १९०६ची फ्रेंच जात फिकी गुलाबी आहे, तरी ‘रेड सारा बर्नहार्ट’ नावाने पिशव्या विकल्या जातात.

पण नाव खरं असूनही असं होऊ शकतं. नेहमीच्या बागेतल्या पिओनी ‘लॅक्टिफ्लोरा’ या चिनी-सैबेरियन जातीच्या वंशातल्या, आणि त्यांच्या लालात बहुधा निळसर झाक असते. १९०८ची ‘कार्ल रोझनफील्ड’ अशीच : काटक, स्वस्त, भरगच्च, पण रंग किरमिजी. कुंकवाच्या जवळ जाणारा, झाक नसलेला लाल हवा असेल तर युरोपीय जातींशी संकर करून काढलेल्या घ्या. १९४४ची ‘रेड चार्म’ लवकर फुलते आणि मधोमध पाकळ्यांचा गोळा उभा राहतो. आमच्या मते लालात तिला तोड नाही, मात्र डोकं जड असल्याने आधार लागतो. आधाराची कटकट नको असेल तर १९५६ची ‘बकआय बेल’. ती अर्धभरगच्च, जवळजवळ काळपट लाल, मधे पिवळे केसर. देठ ताठ. लहान वाफ्यासाठी ‘अर्ली स्काउट’ बघा, बडीशेपेसारखी चिरलेली पानं आणि एकेरी लाल फूल.

फ्रीमॉंटचा हिवाळा सौम्य, म्हणून तुम्ही लवकर फुलणाऱ्या जातीच निवडा. उशिराच्या भरगच्च जाती उष्णता वाढली की कळीतच थांबतात. डोळे अर्धा ते एक इंचच खोल ठेवा. दुपारनंतर सावली मिळाली तर रंगही कमी विटतो. रोपवाटिकेतून उघड्या मुळाची, म्हणजे मातीशिवाय येणारी, तीन ते पाच डोळ्यांची गड्ड्याची फोड मागवा. एका डोळ्याचे तुकडे स्वस्त पडतात, पण दोन-तीन वर्षं नुसती वाट बघायला लावतात.

प्रश्न : फुलं उमलली की नेमका पाऊस येतो आणि सगळी चिखलात लोळतात. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : भरगच्च फूल पाणी धरून ठेवतं आणि देठ झुकतो. गोल तारेची कडी किंवा जाळी कोंब सहा-आठ इंचांचे असतानाच लावा. वाढलेल्या ठोंबावर कडी बसवायला गेलात तर देठ मोडतील. मुख्य कळीच्या बगलेतल्या कळ्या वाटाण्याएवढ्या असताना खुडल्या तर मधलं फूल मोठं येतं, पण झुकतंही जास्त. पावसाच्या प्रदेशात आम्ही त्या राहू द्यायला सांगू.

पावसाचा अंदाज असेल तर कळ्या कापून आत आणा. रंग दिसू लागलेली कळी बोटांनी दाबल्यावर टणक न लागता मऊ लागली की कापायची. टणक कळी फुलदाणीत उमलत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून, पाण्याशिवाय, फ्रिजमध्ये आडवी ठेवली तर दोन-तीन आठवडे टिकते. बाहेर काढल्यावर देठाचं टोक नव्याने कापून कोमट पाण्यात उभी करा. त्याच फ्रिजमध्ये सफरचंदं ठेवू नका, त्यांच्या इथिलीन वायूने कळ्या खराब होतात. कापताना झाडावर प्रत्येक देठाची निदान दोन-तीन पानं राहू द्या. पुढच्या वर्षीचा साठा तीच पानं करतात.

प्रश्न : झाडपिओनीही शरदात जमिनीलगत कापायची का? (स्टुटगार्ट, जर्मनी)

उत्तर : नाही! तिचं लाकूड हिवाळाभर जिवंत असतं आणि पुढची कळी त्यावरच येते. फक्त मेलेली काडी काढा. साध्या पिओनीचे देठ मात्र पूर्ण कापायचे. दोन्हींच्या संकराचे, म्हणजे इतोह जातींचे, चार-सहा इंच ठेवून कापा.

प्रश्न : ऑनलाइन ‘लाल पिओनी’च्या बियांचं पाकीट मागवलंय. गच्चीवर कुंडीत येईल का? (पुणे)

उत्तर : येणार नाही. पिओनीच्या डोळ्यांना कित्येक आठवडे ४-५ अंशांच्या खालची थंडी लागते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सरासरी ११-१२ अंशांच्या आसपास असतात. महाबळेश्वरही पुरत नाही. कुंडी फ्रिजमध्ये ठेवून थंडी दिली तरी पुढे एप्रिलचं ऊन आणि जूनचा पाऊस मुळं टिकू देत नाहीत. बी रुजायला आधी उबदार, मग थंड असे दोन टप्पे लागतात, फूल यायला पुढे तीन ते पाच वर्षं, आणि बियांतून आईसारखंच लाल फूल येईल याचा भरवसा नाही. भारतात पिओनी रानात आहे ती पश्चिम हिमालयात, आणि तिचं फूल पांढरं.

आता महत्त्वाचं. पाकिटात खसखशीसारखे बारीक दाणे असतील तर ते पेरू नका. पिओनीचं बी वाटाण्याएवढं, काळं, चकचकीत असतं. ‘पिओनी पॉपी’ नावाने विकलं जाणारं बी अफूच्या झाडाचं असतं, फक्त फूल भरगच्च. परवान्याशिवाय अफू लावणं १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग ती गच्चीवरच्या एका कुंडीत का असेना.

मोठं, भरगच्च लाल फूल हवंय ना? पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात लाल डेलियाची मुळं फुटलेली कलमं आणा. दहा-बारा इंची कुंडी, निचरा चांगला, शेंडा एकदा खुडलेला. थंडीत फुलेल.

प्रश्न : घर विकतोय, ताबा जूनमध्ये द्यायचाय. सासूबाईंनी लावलेली लाल पिओनी नेता येईल का? (नेपरव्हिल, इलिनॉय)

उत्तर : जमिनीतलं झाड सर्वसाधारणपणे घराबरोबरच विकलं जातं, म्हणून आधी करारात ही पिओनी वगळल्याची लेखी नोंद करून घ्या. सर्वांत चांगलं म्हणजे ‘सप्टेंबरात येऊन नेऊ’ असं त्यातच लिहून घेणं. नवे मालक तयार नसतील तर जूनमध्ये, फुलं खुडून, ठोंबाच्या चारी बाजूंनी फूटभर सोडून खणा आणि मातीच्या मोठ्या ढेकळासकट उचला. पानं कापू नका. खालून भोकं असलेल्या मोठ्या टबमध्ये होती त्याच खोलीवर बसवा, दुपारच्या सावलीत ठेवा, माती ओलसर राहू द्या पण चिखल नको. फोडी आत्ता करायच्या नाहीत. सप्टेंबरअखेर देठ कापून गड्डा धुवा, तासदोन तास सावलीत सुकवा म्हणजे मुळं कमी तुटतात, आणि मग धारदार सुरीने तीन ते पाच डोळ्यांच्या फोडी करून नव्या वाफ्यात लावा. एखादी फोड नव्या मालकांना द्यायची असली तर तीही त्याच दिवशी द्या.