महागड्या बियांचं राहू द्या, आधी मटकी भिजत घाला

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही चिंचवडला राहतो, घरात पाच माणसं, मी, मिस्टर, सासूबाई, मुलगा दहा वर्षांचा आणि मुलगी सहाची. मोबाईलवर रोज बघते की क्विनोआ खा, चिया खा, ओट्स खा, मुलांना प्रोटीन पावडर द्या. थोडं थोडं आणून बघितलं पण महिन्याचा किराणा हाताबाहेर जायला लागला आणि ते डबे अर्धे तसेच पडून आहेत. मुलीच्या शाळेत पर्यावरणाचा प्रोजेक्ट होता तेव्हापासून ती विचारते की आई आपण खातो त्याने पृथ्वीला त्रास होतो का. मला तिला नीट उत्तर द्यायचंय आणि बजेटमध्येही बसवायचंय. कुठून सुरुवात करू?

उत्तर: ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला आणि त्याचं उत्तर तुमच्या घरातच आहे, सासूबाईंना विचारा त्यांच्या लहानपणी आठवड्यातून किती वेळा उसळ व्हायची. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत झालंय काय, तर पोळी आणि भात ताटात वाढत गेले, भाजी म्हणजे बटाटा नाहीतर फ्लॉवर, वरण पातळ होत गेलं, आणि मटकी, चवळी, हुलगे, मसूर, वाल हे सगळं कधीतरी करायचं झालं. मग प्रोटीन कमी पडतं म्हणून पावडर आणायची. तो पैसा आधी वाचवा.

हिशोब सांगते. ६० किलो वजनाच्या मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रोटीन लागतं, तुमच्या दहा वर्षांच्या मुलाला ३२ ग्रॅमच्या आसपास. एका माणसाला ५० ग्रॅम कोरडी मटकी धरली तर त्यातून ११-१२ ग्रॅम मिळतात, म्हणजे जवळजवळ दोन अंड्यांइतके. पाच जणांना एका वेळेला पाव किलो लागली, म्हणजे एका किलोत घरभर चार वेळा उसळ होते. आता त्या पावडरच्या डब्याची किंमत आणि किलोभर मटकीची किंमत शेजारी शेजारी लिहून बघा. प्रोटीनमधला जो घटक डाळ-कडधान्यात कमी असतो तो धान्यात असतो आणि धान्यात कमी असतो तो डाळीत, त्यामुळे उसळ-भाकरी, वरण-भात, खिचडी हे जोडीनेच खायचं असतं, आपल्या आज्यांनी ते बरोबर बसवलेलं आहे.

मोडांचं तुम्हाला माहीत असेल तरी सांगते कारण बऱ्याच जणींचे मोड वास येऊन फुकट जातात आणि मग त्या नाद सोडून देतात. मटकी दोन-तीनदा धुवून संध्याकाळी भरपूर पाण्यात भिजत घाला, सकाळी पाणी पूर्ण निथळू द्या, अगदी चाळणीत दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा, घाई इथेच नडते, पाणी राहिलं की चिकट होते. मग ओल्या सुती कापडात सैलसर बांधून झाकून ठेवायची. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मोड, थंडीत दीड दिवस लागतो, तेव्हा पुरचुंडी कॅसरोलमध्ये ठेवली की काम होतं. मोडांनी प्रोटीन वाढतं असं सगळे म्हणतात, तसं फारसं वाढत नाही, पण पचायला सोपं होतं, क जीवनसत्त्व तयार होतं आणि त्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. मुलांना कच्चे मोड देऊ नका, एक वाफ काढूनच द्या. वरून लिंबू पिळा आणि मोठ्यांनी जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासभर जाऊ द्या, नाहीतर ते लोह वाया जातं. मुलं परत उसळच का म्हणून कुरकुर करतील, तेव्हा त्याच मोडांची मिसळ करा, मुगाची धिरडी करा, डब्यात कोरडी उसळ कांदा-खोबरं घालून द्या.

आता पृथ्वीचं. मुलीला हरभऱ्याचं किंवा मुगाचं रोप मुळासकट दाखवायला मिळालं तर जरूर दाखवा, मुळांवर बारीक बारीक गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून त्या शेतात युरिया कमी टाकावा लागतो. ज्वारीचा फायदा वेगळा, मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी पावसाळा संपल्यावर काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते, आणि वर कडबा गुरांना मिळतो. भाताला मात्र पाणी साठवून ठेवावं लागतं आणि त्या साचलेल्या पाण्यातून पृथ्वीला तापवणारा मिथेन वायू सुटतो. म्हणून भात बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही, दोन्ही वेळेचा भात एका वेळेवर आणा एवढंच.

एक खरं सांगायला हवं, हल्ली ज्वारी बऱ्याचदा गव्हापेक्षा महाग मिळते, २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून पॅकेटातली तर आणखीच. त्यामुळे रोज भाकरीचा अट्टहास नको, आठवड्यात तीनदा पुरे, अख्खं धान्य घेऊन गिरणीतून दळून आणा. बाजरी थोडीच दळा, आठ-दहा दिवसांत पीठ कडू होतं. नाचणीचं मुलांना मात्र आवर्जून द्या, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, सकाळी ताकातली आंबील किंवा गूळ घालून सत्त्व. पण नाचणीची बिस्किटं घेताना पुडा उलटा करून वाचा, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, पहिलं नाव मैदा आणि दुसरं साखर असेल तर ते मैद्याचंच बिस्किट आहे, ठेवून द्या परत. चियाऐवजी जवसाची चटणी करा, ओमेगा-३ ही चांगली चरबी त्यातही आहे, जवस आधी भाजून मग कुटायचा.

आणि फेकायचं कमी करा, ओला कचरा ढिगात दाबून सडला की त्यातूनही मिथेनच निघतो. दोडक्याच्या शिरा टाकू नका, थोड्या तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता, त्यात तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, मीठ, जाडसर कुटा, आमच्याकडे ती भाजीच्या आधी संपते. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे दांडे डाळीत जातात. कडधान्य भिजवलेलं असलं की कुकरला शिट्ट्याही कमी लागतात, त्याच्याच वरच्या डब्यात भात लावा.

पहिला महिना फक्त एवढंच करा, आठवड्यात चार दिवस उसळ किंवा घट्ट वरण, आणि घरात बिस्किटाचे पुडे किती येतात ते कॅलेंडरवर मुलीला लिहायला सांगा.

प्रश्न: आम्ही मूळचे मालवणचे, आता डोंबिवलीत. मासे सोडवत नाहीत, पण पापलेट, सुरमई परवडत नाही. काय करावं?

उत्तर: सोडू नका हो! बांगडा आणि तारली घ्या, स्वस्त असतात आणि ओमेगा-३ भरपूर, तारली काट्यासकट मऊ शिजवली तर कॅल्शियमही मिळतं. सुके बोंबील, सुकट पावसाळ्यासाठी भरून ठेवा, १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते कारण तो माशांचा विणीचा काळ आहे, तेव्हा कुळथाची पिठी आणि सुकट याच्यासारखं जेवण नाही, मीठ फक्त धुवून काढा. आणि तळहाताएवढीही नसलेली पिल्लं पापलेटं स्वस्तात मिळाली तरी कृपा करून घेऊ नका. पापलेट आपल्या राज्याचा मासा म्हणून २०२३ मध्ये जाहीर झाला तो याच काळजीने, ते अंडी घालायच्या आधीच जाळ्यात येतंय. कोळीणमावशींना सांगा की मला लहान नको, गिऱ्हाईकच नसेल तर त्याही आणणार नाहीत.